विमानतळावरची गर्दी: विलिस कोनोव्हर यांचा जॅझचा तास आणि त्याचे श्रोते

१९५९ साली वॉर्साच्या विमानतळावर एक विमान उतरलं. खिडकीशी बसलेल्या एका अमेरिकन प्रवाशाला बाहेर मोठी गर्दी दिसली. लोकांच्या हातांत फुलं होती, कॅमेरे होते, काहींनी टेपरेकॉर्डर आणले होते. विमानात कुणी बडी असामी असणार, तिला आधी उतरू द्यावं म्हणून तो जागेवरच थांबला. बाकीचे प्रवासी उतरून गेले तरी गर्दी हलेना. ती त्याच्यासाठीच आली होती.

हा प्रवासी म्हणजे विलिस कोनोव्हर. ते गायक नव्हते, वादक नव्हते. वॉशिंग्टनमधल्या एका बंद खोलीत बसून ते जॅझच्या तबकड्या लावत आणि मधे मधे मोजकं बोलत. चार वर्षं हेच चाललं होतं. पत्रं येत होती, त्यामुळे कुणीतरी ऐकतंय एवढं त्यांना ठाऊक होतं. पण पत्रांचा गठ्ठा आणि विमानतळावर फुलं घेऊन उभी असलेली माणसं यांत फार अंतर आहे.

श्रोत्यांची प्रतिक्रिया म्हणजे नेमकं काय, आणि ती मोजायची कशी, हा रेडिओचा जुना प्रश्न. कोनोव्हर यांचं प्रकरण त्यासाठी मला सगळ्यांत उपयोगी वाटतं, कारण इथे प्रतिक्रिया कळण्याच्या नेहमीच्या वाटा जवळजवळ सगळ्या बंद होत्या. फोन नाही, घरोघर सर्वेक्षण नाही, जाहिरातदार नाही, आणि पत्र टपालात पडल्यापासून ते कुणाकुणाच्या नजरेखालून जाणार याचा नेम नाही. तरीही प्रतिक्रिया आली. ती पत्रपेटीतून कमी आणि इतर वाटांनी जास्त आली.

परिस्थिती

व्हॉइस ऑफ अमेरिका ही अमेरिकन सरकारची परदेशांसाठीची रेडिओ सेवा. ती १९४२ साली, युद्धाच्या धामधुमीत सुरू झाली. १९५४ मध्ये तिचा मुक्काम न्यूयॉर्कहून वॉशिंग्टनला हलला आणि ६ जानेवारी १९५५ रोजी कोनोव्हर यांचा 'म्युझिक यूएसए' हा कार्यक्रम प्रक्षेपित होऊ लागला. त्याचे दोन भाग होते. पहिल्यात लोकप्रिय गाणी, दुसऱ्यात निव्वळ जॅझ. जगभर नाव झालं ते या दुसऱ्या भागाचं. शीतयुद्धाचा काळ होता आणि सरकारी सेवेने रोज रात्री जॅझ ऐकवावं हा निर्णय निव्वळ संगीतप्रेमातून झालेला नव्हता, हे उघड आहे.

पलीकडच्या बाजूला काय होतं? सोव्हिएत संघात १९४०च्या दशकाच्या अखेरीस पाश्चात्त्य संस्कृतीविरुद्ध मोहीम उघडली गेली आणि जॅझ तिच्या तडाख्यात सापडलं. सॅक्सोफोन हे वाद्यच संशयास्पद ठरलं. 'आज तो जॅझ वाजवतो, उद्या देश विकेल' अशा अर्थाची एक यमकबद्ध ओळ तिथे लोकांच्या तोंडी होती. आधी ती धाक घालायला वापरली गेली, पुढे तरुण मंडळी ती थट्टेने म्हणू लागली. पोलंडमध्येही स्तालिनवादी वर्षांत जॅझ खासगी घरांत, तळघरांत जाऊन बसलं होतं. तिकडच्या जॅझवाल्यांनी त्या काळाला 'तळघरांचा काळ' अशा अर्थाचं नावच दिलं आहे.

मार्च १९५३ मध्ये स्तालिन गेले. पकड एकदम सुटली नाही, पण सैल पडू लागली. ऑगस्ट १९५६ मध्ये पोलंडच्या किनाऱ्यावर सोपोत इथे जॅझ महोत्सव भरला आणि त्याला हजारो तरुण लोटले. १९५८ पासून वॉर्सात 'जॅझ जॅम्बोरी' सुरू झाला. १९५७ मध्ये मॉस्कोत जागतिक युवक महोत्सव झाला आणि परदेशी वाजवणारे लोक प्रत्यक्ष रस्त्यावर दिसले. कोनोव्हर यांचा कार्यक्रम नेमका या सैल पडत चाललेल्या काळात येऊन पोहोचला. त्यांच्या यशाची गोष्ट सांगताना हे बहुतेक जण गाळतात. हाच कार्यक्रम १९४९ मध्ये सुरू झाला असता तर विमानतळावर कोण आलं असतं, सांगता येत नाही.

निवेदकाने काय केलं

कोनोव्हर यांचा जन्म १९२० चा, न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोचा. शाळकरी वयात ते विज्ञानकथांच्या चाहत्यांसाठी एक छोटं नियतकालिक काढत. त्यानिमित्ताने भयकथाकार एच. पी. लव्हक्राफ्ट यांच्याशी त्यांचा पत्रव्यवहार झाला आणि १९३७ मध्ये लव्हक्राफ्ट वारले तोवर तो चालू राहिला. दोघांची भेट कधीच झाली नाही. न पाहिलेल्या माणसाशी शब्दांतून नातं जोडायची सवय या माणसाला पोरवयापासून होती, याची मला गंमत वाटते.

पुढे वॉशिंग्टनमधल्या एका व्यावसायिक रेडिओ केंद्रावर ते निवेदक होते. तिथल्या क्लबांत त्यांनी जॅझच्या मैफली भरवल्या आणि त्यांना कृष्णवर्णीय श्रोत्यांनाही प्रवेश असावा, असा आग्रह धरला. तेव्हाच्या वॉशिंग्टनमध्ये ही साधी गोष्ट नव्हती.

व्हॉइस ऑफ अमेरिकासाठी काम करताना त्यांनी एक खबरदारी घेतली. ते तिथले पगारी नोकर झाले नाहीत, शेवटपर्यंत कंत्राटावरच राहिले. त्याची किंमत त्यांना मोजावी लागली, कारण नोकरदाराला मिळतं ते स्थैर्य त्यांना मिळालं नाही. पण काय वाजवायचं हे त्यांच्या हातात राहिलं. तबकड्याही बऱ्याचशा स्वतःच्याच संग्रहातल्या. सरकारी रेडिओवर बसून सरकारी यादीबाहेर राहायचं, ही तारेवरची कसरत त्यांनी चार दशकं केली.

सुरुवातीच्या धूनसाठी त्यांनी ड्यूक एलिंग्टन यांच्या वाद्यवृंदाची 'टेक द ए ट्रेन' निवडली. ही बिली स्ट्रेहॉर्न यांची रचना, १९४१ मध्ये पहिल्यांदा ध्वनिमुद्रित झालेली. पियानोचे उतरते सूर, मग सगळा ताफा, आणि त्यावर तो जड, संथ आवाज: जॅझची वेळ झाली आहे, वॉशिंग्टनहून विलिस कोनोव्हर बोलतोय. रोज तेच. बदल नाही.

आवाज संथ होता तो मुद्दाम. समोरच्या श्रोत्याची भाषा इंग्रजी नाही, हे धरून ते बोलत. वाक्यं लहान, शब्द सुटे, वादकांची नावं एकेक करून आणि स्पष्ट. व्हॉइस ऑफ अमेरिकाने मर्यादित शब्दसंख्येच्या, हळू वाचलेल्या इंग्रजीची खास सेवा ऑक्टोबर १९५९ मध्ये सुरू केली. कोनोव्हर तोवर साडेचार वर्षं तसंच बोलत होते.

आणि राजकारण अजिबात नाही. कोणतीही टिप्पणी नाही, टोमणा नाही. जॅझविषयी त्यांचं स्वतःचं एक मत होतं: चौकट सगळ्यांनी मिळून मान्य करायची आणि तिच्या आत प्रत्येकाने आपलं मोकळेपणाने बोलायचं, हे या संगीताचं स्वरूप त्यांना आपल्या देशाच्या आदर्श रूपासारखं वाटे. मुलाखतींत ते हे सांगत. कार्यक्रमाचं भाषण मात्र त्यांनी केलं नाही. जो श्रोता दिवसभर लाउडस्पीकरवरून उपदेश ऐकतो, त्याला रात्री आणखी एक उपदेश नको असतो. हे त्यांना उमगलं होतं असं मी म्हणेन.

काय ऐकू येत होतं

इथे जरा रेडिओच्या पोटात शिरायला हवं, कारण श्रोत्यांनी काय ऐकलं आणि स्टुडिओत काय वाजलं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

कार्यक्रमाची फीत वॉशिंग्टनमध्ये तयार होई आणि पुढे मोरोक्कोतल्या टँजियरसारख्या केंद्रांवरून लघुलहरींवर फेकली जाई. लघुलहरी वातावरणाच्या वरच्या, विद्युतभारित थरावर आपटून परत जमिनीकडे येतात, म्हणून हजारो किलोमीटर जातात. हा थर स्थिर नसतो. तो हलतो, पातळ होतो, दाट होतो. त्यामुळे आवाज लाटेसारखा येतो आणि जातो. एकाच लहरीचे वेगवेगळ्या वाटांनी आलेले भाग एकमेकांना खोडतात तेव्हा आवाज नुसता बारीक होत नाही, चिरकतो. रात्री ४९, ४१, ३१ मीटरचे पट्टे चांगले लागतात, कारण दिवसा या लहरी शोषून घेणारा खालचा थर सूर्यास्तानंतर विरतो. रात्री उशिरा कान लावून बसण्यात गुप्तता होती तितकंच भौतिकशास्त्रही होतं.

शिवाय लघुलहरींवर एकेका केंद्राला मिळणारी जागा अरुंद असते. साधारण साडेचार-पाच हजार हर्ट्झच्या वरचे स्वर त्यातून जातच नाहीत. म्हणजे झांजांची चमक गेली, ड्रमवर ब्रश फिरतो त्याची सळसळ गेली. खालच्या टोकाला रेडिओच्या लहानशा स्पीकरने डबल बासचा पाया खाल्ला. मधे उरला ट्रंपेट, सॅक्सोफोन आणि पियानोचा मधला पट्टा. जॅझमध्ये झांज आणि बास हेच तर लय धरून ठेवतात. ज्यांनी जॅझ फक्त असं ऐकलं, त्यांनी लयीचा कणा बराचसा स्वतःच्या डोक्यात बसवला असला पाहिजे.

यावर आणखी जॅमिंग. सोव्हिएत संघाने १९४८ पासून परदेशी केंद्रांवर मुद्दाम गोंगाट सोडायला सुरुवात केली होती. १९६३ मध्ये व्हॉइस ऑफ अमेरिकावरचा गोंगाट थांबला, ऑगस्ट १९६८ मध्ये पुन्हा सुरू झाला, १९७३ मध्ये थांबला, १९८० मध्ये पुन्हा आला आणि १९८७ मध्ये कायमचा गेला. पण त्याचा रोख रशियन आणि इतर स्थानिक भाषांतल्या प्रक्षेपणांवर होता. इंग्रजी कार्यक्रम सहसा वाचत. गोंगाट करायलाही वीज आणि यंत्रं लागतात, आणि इंग्रजी समजणारे तरी किती, असा हिशेब असावा. कोनोव्हर इंग्रजीत बोलत होते म्हणून वाचले आणि हळू बोलत होते म्हणून समजले. नियोजन करून इतका नेमका जोड साधला नसता.

उत्तरं

आता मूळ मुद्दा: श्रोत्यांनी काय केलं?

पत्रं लिहिली, हे खरंच. जगभरातून आली. श्रोत्यांची मंडळं निघाली, ती एकमेकांशी जोडली गेली. पण पत्र हा प्रतिक्रियेचा सगळ्यांत सोपा भाग. ज्याला परदेशी पत्ता लिहून पाकीट टपालात टाकायला भीती वाटत नाही, तो लिहितो. मॉस्कोतल्या विद्यार्थ्याने ते करण्यापूर्वी दोनदा विचार केला असणार.

त्यापेक्षा खोल प्रतिक्रिया टेपरेकॉर्डरवर उमटली. १९४९ पासून सोव्हिएत संघात 'द्नेप्र' नावाचे जडशीळ टेपरेकॉर्डर मिळू लागले होते. ज्याच्या घरी तो असे, तिथे मित्र जमत आणि रेडिओवरचा तास फितीवर उतरवला जाई. मग फीत हातोहात फिरे, तिच्या प्रती निघत. ज्यांच्याकडे फीत नव्हती त्यांच्यासाठी दुसरा मार्ग होता. दवाखान्यांतून टाकून दिलेल्या क्ष-किरण चित्रांवर चोरून खाचा पाडून तबकड्या बनवल्या जात. हातात धरून उजेडाकडे पाहिलं तर कुणाच्या तरी बरगड्या दिसत, म्हणून त्यांना 'बरगड्यांवरचं संगीत' म्हणत. ऐकण्यासाठी माणसं किती खटाटोप करतात याचा याहून ठसठशीत पुरावा मला माहीत नाही.

रेडिओ विकत घेणंसुद्धा प्रतिक्रियाच होती. १९६० पासून रिगाच्या कारखान्यातून 'स्पिडोला' हा ट्रान्झिस्टर बाहेर पडू लागला. तो हलका होता, लघुलहरी चांगल्या पकडायचा, आणि खिडकीजवळ, गच्चीवर, गावाबाहेर कुठेही नेता यायचा. लोकांनी तो कशासाठी घेतला हे त्याच्या जाहिरातीत अर्थातच लिहिलेलं नव्हतं.

मग वादक. पोलंडमधला अॅडम माकोविच अभिजात पियानोचं शिक्षण घेत होता. किशोरवयात कोनोव्हर यांच्या कार्यक्रमातून त्याच्या कानावर जॅझ पडलं आणि त्याने ती वाट सोडली. घरच्यांना हे पटलं नव्हतं. मॉस्कोतला व्हॅलेरी पोनोमार्योव्ह व्हॉइस ऑफ अमेरिकावरून उतरवलेल्या फितीवर क्लिफर्ड ब्राउन यांचा ट्रंपेट ऐकून त्या वाद्याच्या मागे लागला. १९७३ मध्ये तो देशाबाहेर पडला आणि १९७७ मध्ये थेट ड्रमवादक आर्ट ब्लेकी यांच्या 'जॅझ मेसेंजर्स' या अमेरिकन ताफ्यात ट्रंपेट वाजवू लागला. अलेक्सेई कोझलोव्ह यांच्यासारखे सॅक्सोफोनवादक देशातच राहिले आणि तिथलं जॅझ त्यांनी घडवलं. वसीली अक्स्योनोव हे वादक नव्हते, कादंबरीकार होते. पण रात्रीचा तो आवाज आणि एलिंग्टन यांची ती धून आपल्या पिढीला कशी घडवून गेली हे त्यांनी पुढे लिहून ठेवलं.

या मंडळींना स्वरलिपीची पुस्तकं मिळत नव्हती. फीत लावायची, चार मात्रा ऐकायच्या, थांबवायची, वाद्यावर शोधायचं, पुन्हा मागे न्यायची. जिवाचा कान करून ऐकणं म्हणजे काय ते हे. आवाज जिथे बुडाला तिथली जागा अंदाजाने भरायची. वादकांची नावंही कानाला पडली तशी वहीत लिहायची.

आणि या सगळ्याची खरी परीक्षा १९६२ मध्ये झाली. त्या वर्षी बेनी गुडमन यांचा वाद्यवृंद सोव्हिएत संघाच्या दौऱ्यावर गेला. तो अमेरिकन सरकारने पाठवलेला, सोव्हिएत सरकारने मान्य केलेला दौरा होता. गुडमन म्हणजे १९३०च्या दशकातल्या स्विंगचे, म्हणजे नाचायला लावणाऱ्या जॅझचे, बादशहा. जॅझचा गंध नसलेल्या लोकांना ते सोपं जाईल अशी कल्पना होती. सभागृहं भरली. पण तिथले जे खरे जॅझवाले होते, ते जरा खट्टू झाले. हे तर जुनं झालं, असं त्यांना वाटत होतं. कोनोव्हर यांच्यामुळे ते कितीतरी पुढचं ऐकून बसले होते. गुडमन यांच्या ताफ्यात झूट सिम्स, फिल वुड्स असे नव्या पिढीचे वादक होते. या स्थानिक मंडळींनी मोर्चा त्यांच्याकडे वळवला आणि अधिकृत कार्यक्रमांनंतर एकत्र वाजवणं सुरू झालं. लेनिनग्राडचा सॅक्सोफोनवादक गेन्नादी गोल्श्ताइन त्यांतला एक.

त्याच ताफ्यात व्हिक्टर फेल्डमन होते. ते परतताना तिथल्या संगीतकारांच्या चाली बरोबर घेऊन आले आणि त्याच वर्षी अमेरिकेत त्यांनी सोव्हिएत जॅझ रचनांची एक संपूर्ण तबकडी ध्वनिमुद्रित केली. गोल्श्ताइन यांच्या रचना त्यात आहेत, मॉस्कोच्या आंद्रेई तोवमास्यान यांचीही आहे.

जरा थांबून या गोष्टीकडे पाहू. सात वर्षं एका बाजूने संगीत जात होतं. ज्यांच्याकडे ते जात होतं त्यांना उत्तर द्यायला वाट नव्हती. मग अवघ्या काही आठवड्यांसाठी दार किलकिलं झालं आणि त्यातून उत्तर बाहेर आलं ते त्याच भाषेत, नव्या चालींच्या रूपात. कार्यक्रम आवडला असं सांगणारी हजार पत्रं एका बाजूला आणि ही एक तबकडी दुसऱ्या बाजूला ठेवली, तर मला तबकडी जड वाटते. पत्र सांगतं की ऐकलं. चाल सांगते की कळलं, पचलं, आणि आता माझंही काही म्हणणं आहे.

तीन कोटींचा आकडा

श्रोते किती होते? त्या काळात तीन कोटी असा आकडा छापून येत असे, पुढे दहा कोटींपर्यंतची भाषा झाली. मी हे आकडे जपूनच हाताळेन. १९५०च्या दशकात सोव्हिएत संघात दारोदार जाऊन 'काल रात्री काय ऐकलंत?' असं विचारणं शक्यच नव्हतं. आकडा छापणाऱ्यांचा त्यात स्वार्थही होता: श्रोते जास्त दिसले तर पुढच्या वर्षीचा निधी सुटतो.

वर मी जी नावं घेतली त्यांतही एक फसगत दडलेली आहे. ज्यांची प्रतिक्रिया आपल्यापर्यंत पोहोचली ते पुढे वादक झाले, लेखक झाले, देश सोडून गेले, मुलाखती देत राहिले. जो कारखान्यातून थकून यायचा, काटा फिरवायचा, दोन गाणी ऐकत झोपी जायचा, त्याच्याविषयी कुणी लिहिलं नाही. ज्याने पाच मिनिटं ऐकून 'हा काय कलकलाट' म्हणत रेडिओ बंद केला, त्याच्याविषयी तर नाहीच. कार्यक्रमाने आयुष्य बदललेली माणसं होती, यात शंका नाही. ती तीन कोटींपैकी किती, याचं उत्तर या गोष्टींतून निघत नाही, आणि निघतं असा आव आणू नये.

पिकतं तिथे

पिकतं तिथे विकत नाही म्हणतात. इथे तर विकायला बंदीच होती. व्हॉइस ऑफ अमेरिकाची सेवा १९४८च्या स्मिथ-मुंट कायद्याच्या चौकटीत परदेशी श्रोत्यांसाठी होती आणि तिचे कार्यक्रम देशात ऐकवले जात नसत. सरकारने आपल्याच नागरिकांवर प्रचाराचा मारा करू नये हा त्यामागचा हेतू, आणि तो चांगलाच म्हणायला हवा. पण त्यामुळे झालं असं की वॉर्सात ज्यांना गर्दीने घेरलं ते वॉशिंग्टनच्या रस्त्यावर बिनओळखीचे फिरत.

घरची प्रतिक्रिया आली ती दोन टोकांची. करदात्यांचा पैसा या थिल्लर संगीतावर कशाला, अशी कुरकुर सुरुवातीला काँग्रेसच्या, म्हणजे अमेरिकन संसदेच्या, काही सदस्यांनी केली. दुसरीकडे ६ नोव्हेंबर १९५५ च्या 'न्यूयॉर्क टाइम्स'ने पहिल्या पानावर जॅझला देशाचं गुप्त ध्वनिअस्त्र म्हटलं. कुरकुरीपेक्षा हे कौतुक जास्त घातक होतं असं माझं मत आहे. ज्या श्रोत्याला हे संगीत केवळ संगीत म्हणून हवं होतं, त्याच्या हातात ते शस्त्र आहे असं ओरडून सांगणं म्हणजे त्याच्या शेजाऱ्याला तक्रार करायला कारण देणं.

एक पेच या शस्त्राच्या भाषेने झाकला नाही. ज्या कलावंतांची तबकडी फिरत होती, त्यांतल्या बहुतेकांना स्वतःच्या देशात समान वागणूक नव्हती. सप्टेंबर १९५७ मध्ये आर्कन्सा राज्यातल्या लिट्ल रॉकच्या शाळेत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना अडवण्यात आलं तेव्हा कृष्णवर्णीय ट्रंपेटवादक लुई आर्मस्ट्राँग यांनी सरकारवर जाहीर आग पाखडली आणि सरकारच्या वतीने सोव्हिएत संघात जायला नकार दिला. कोनोव्हर यांचं राजकारणावरचं मौन या पार्श्वभूमीवर पाहिलं की ते पूर्वीइतकं निर्मळ वाटत नाही. श्रोत्याला उपदेश नको होता हे खरं, पण त्या मौनाने सरकारचीही सोय झाली. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या आहेत आणि मला त्यांची बेरीज करता येत नाही.

आवाजाची ओळख

१९६७ च्या मे महिन्यात एस्टोनियातल्या टालिनच्या जॅझ महोत्सवात चार्ल्स लॉइड यांचा चौकडीचा ताफा वाजवायला गेला. पियानोवर कीथ जॅरेट, ड्रमवर जॅक डीजॉनेट. कोनोव्हरही तिथे होते. बारा वर्षं ज्यांनी ऐकलं त्यांच्यापैकी अनेकांनी त्यांना पहिल्यांदा पाहिलं.

१९८२ चा मॉस्कोतला प्रसंग त्याहून बोलका आहे. चिक कोरिया आणि गॅरी बर्टन या अमेरिकन जॅझवादकांबरोबर ते गेले होते. जाहीर गाजावाजा नव्हता, तरी सभागृहात मावणार नाहीत इतके लोक आले. कोनोव्हर माइकपाशी गेले आणि 'गुड इव्हनिंग' एवढंच म्हणाले. पुढचं बोलताच आलं नाही, कारण आवाज ओळखून सगळं सभागृह गरजलं. तोंडओळख नसलेल्या माणसाची दोन शब्दांत पटलेली ओळख. रेडिओवर काम करणाऱ्याला याहून मोठी पावती मिळत असेल असं वाटत नाही.

तोवर काळ मात्र पुढे सरकला होता. साठच्या दशकाच्या मध्यापासून तिकडच्या तरुणांचा काटा बीटल्सकडे, रॉककडे वळला. आपल्या जॅझच्या तासात कोनोव्हर यांनी रॉकला जागा दिली नाही. ते चूक की बरोबर यावर वाद घालता येईल. लोकांच्या मागे धावले असते तर तो त्यांचा तास राहिला नसता, आणि न धावल्यामुळे श्रोता त्यांच्याबरोबरच वयाने वाढत गेला. १९८२ च्या सभागृहात गरजणाऱ्यांमध्ये चाळिशी ओलांडलेले बरेच असावेत, असा माझा अंदाज.

१७ मे १९९६ रोजी कोनोव्हर वारले. त्याच्या तीन वर्षं आधी अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहाने त्यांच्या गौरवाचा ठराव केला होता. देशाचा सर्वोच्च नागरी सन्मान त्यांना मिळावा म्हणून चाहत्यांनी पुष्कळ खटपट केली, ती फळली नाही. बऱ्याच अमेरिकन वाचकांना त्यांचं नाव मृत्युलेखातूनच पहिल्यांदा कळलं.

त्यांचा संग्रह टेक्सासमधल्या डेंटन इथे, युनिव्हर्सिटी ऑफ नॉर्थ टेक्सासमध्ये ठेवला आहे. कार्यक्रमाच्या काही फिती आता डिजिटल रूपातही ऐकता येतात. त्या स्टुडिओतल्या आहेत, टँजियरहून लहरींवर निघण्याआधीच्या. त्यांत बास खोल आहे, झांजा लखलखीत आहेत आणि ड्रमवर फिरणारा ब्रश अगदी कानाशी सळसळतो. वॉर्सा विमानतळावर टेपरेकॉर्डर घेऊन उभ्या असलेल्यांनी तो या कार्यक्रमात कधीच ऐकला नव्हता.